तुडूम दुरुस्ती : तिसरी वेळ

पहिली निविदा होळीआधी लावली,
फलकावर, शाळेच्या भिंतीवर, तहसिलीच्या दारावर.
एकही लिफाफा आला नाही.
दुसऱ्या वेळी एक आला.
आत मंगल कार्यालयाची दरपत्रिका.

खैरबोडीच्या तलावाचं तुडूम गळतं, तीन वर्षं झाली.
उतरत्या दगडी पायऱ्या, पायरीपायरीला भोक,
भोकाला बीजाच्या लाकडाचं बूच.
सिमेंटवाले बघून गेले. म्हणाले, फोडू, नवं बांधू.
इंजिनिअर साहेबांचा अंदाज : अठ्ठेचाळीस हजार दोनशे.
बुचाचा दर दरसूचीत सापडला नाही,
म्हणून त्यांनी खिडकीचा लावला.

नियम म्हणतो,
दोनदा हाक घालून कोणी आलं नाही,
किंवा काम एकालाच येत असेल,
तर त्या एकाला बोलवा, समोर बसवा, बोला.
आणि बोललेलं लिहून ठेवा.
लिहायला मी. लिपिक, वर्षं एकोणीस.

तो एक म्हणजे मनिराम वलथरे.
तलावातून सरळ आला, खुर्चीवर बसेना.
"भिजंल जी."
सरपंच यमुनाबाई टेंभरे म्हणाल्या,
"बसा. उभ्यानं वाटाघाटी होत नाही."

दर?
"नऊ हजार."
माझा पेन थांबला. एवढा कमी आकडा
वरून परत येतो, खुलासा मागत.
"लाकूड धरलं का?"
"नाई."
"संगं बुडी मारणारा?"
"पोरगा आहे ना."
"त्याची मजुरी?"
"पोराले कोन मजुरी देते जी?"
"पंचायत देते."
एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा लिहिलं,
की घासाघीस करून भाव वर नेला.
एकवीस हजारांवर दोघंही थांबले.

मग मनिराम म्हणाला, आता माझं.
पाणी सोडाच्या पंधरा दिवस आधी
आमच्या सोसायटीले सांगाचं.
कोनी रातच्यानं बूच उपटते,
सकाळी बोटभर मासोळी पाटात तडफडते.
यमुनाबाई : मान्य. आता माझं.
दोन जण शिकवायचे. एक तुझा, एक बाहेरचा.

मनिराम गप्प.
वीज गेली, पंखा हळूहळू थांबला,
तरी तो गप्पच.
शिकवलं तर पुढच्या खेपेला तीन लिफाफे येतील,
हे त्यालाही दिसत होतं
आणि ते त्याला दिसतंय हे यमुनाबाईंना.
"बाहेरचा कोन?"
"माझी पोरगी. पोहते."
"दम किती धरते?"
"तूच मोज."

छापील नमुन्यात रकाने आहेत : दर, मुदत, अनामत.
मासोळी आणि दम
दोन्ही मी शेऱ्यात कोंबले, बारीक अक्षरात,
लेखापरीक्षकाला चष्मा पुसावा लागेल इतक्या.

सही करताना मनिरामच्या मनगटावरून
तलावाचा एक थेंब तारखेवर पडला.
शाई फुटली.
मी खाली तारीख पुन्हा घातली,
आणि कंसात लिहिलं : ओलं, पण बरोबर.