साहित्य : घरात सहज मिळणारे

शाळेतून कागद आला. वर ठळक अक्षरांत :
‘करून पाहू या. साहित्य : घरात सहज मिळणारे.’
खाली यादी.
व्हिनेगर, फुगे दोन, खायचा रंग, स्ट्रॉ, बर्फ.
हारिकानं ती मोठ्यानं वाचली
आणि घराकडे असं बघितलं,
पाव्हणे दारात आल्यावर बघतात तसं.

कुणाच्या घरात सहज, विचारलं मी.
माझ्या सुपात पानं, तंबाखू, कात्री, दोरा.
सहाशे विड्या वळायच्या राहिलेल्या
आणि बाहेर सोलापूरचा एप्रिल.
पण पोरगी ऐकते होय.

व्हिनेगर नाही, तर लिंबू.
खायचा रंग नाही, तर हळद.
हळदीचं बोट तिनं चुन्याच्या डबीत घातलं
आणि लालभडक!
‘अम्मा, रक्त नाही, हे रक्त नाही,’
मी काही म्हणायच्या आतच सांगत सुटली.
लिंबू पिळलं. परत पिवळं.
हळदीचं कुंकू होतं हे मला ठाऊक होतं,
कुंकवाची परत हळद होते
हे कुणी दाखवलंच नव्हतं आजवर.

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं,
म्हणून प्रयोगाला एक तांब्या, जास्त नाही, असं ठरलं.
जुन्या टॉवेलची पट्टी फाडून
तिनं एक टोक तांब्यात सोडलं, एक रिकाम्या पेल्यात,
आणि झोपली.
सकाळी पेल्यात पाणी.
ना मोटर, ना नळावर भांडण.
सुतावरून आपणहून चढलं, आपणहून उतरलं.
मी ते पाणी चहाला वापरलं. ती दिवसभर बोलली नाही.

मागच्या पत्र्याला खिळ्यांची भोकं आहेत,
एक तर चांगलं तिकोनी फाटलंय.
दुपारी फरशीवर कवडसे पडतात,
सगळे गोल. तिकोन्याचासुद्धा गोल.
ती म्हणाली, तो भोकाचा आकार नाही अम्मा,
तो सूर्य आहे. एवढे सगळे सूर्य.
म्हणजे काल मी सूर्यावर सूप ठेवून
चवली-पावलीचा हिशोब करत होते म्हणायचं.

मग टेलिफोन.
टपरीवरचे दोन कागदी कप, मध्ये माझा विडीचा दोरा.
तुटला. परत बांधला, परत तुटला.
शेवटी नान्नांनी खिशातून सूत काढलं,
कोनाला उरलेलं, टॉवेलाचं.

ह्यांचे कान अक्कलकोट रोडला गेले.
बारा-बारा तास, चोवीस माग, एक शेड.
आम्ही घरात ओरडूनच बोलतो,
त्यामुळे अख्ख्या विडी घरकुलाला
आमच्याकडे भाजी काय, ते माहीत असतं.

ती गल्लीच्या टोकाला, हे उंबऱ्यात.
ह्यांनी कप कानाला लावला
आणि मान डोलावली,
माझ्या भावाच्या बोलण्यावर डोलावतात तशी.
तिनं लांबूनच ओळखलं.
कप खाली केला. काही म्हणाली नाही.

तेव्हा हे उठले, दोरा दाराच्या चौकटीला घासत होता
तो सोडवला, एक पाऊल मागे सरले,
ताण बघितला. तो मात्र ह्यांना कुणी शिकवायचा नाही.
आणि कप मांडीवर ठेवून
दोऱ्यावर एक बोट टेकवलं,
ताण्यावर टेकवतात तसं, अलगद, डोळे मिटून.
म्हणाले, ‘आत्ता बोलली.’
म्हणाले, ‘थांबली.’
मग बराच वेळ काही नाही.
मग, ‘हसतीय बघ.’

मी गल्लीत बघितलं. हसत होती.

काय बोललीस, विचारलं तर सांगत नाही.
त्या दिवशी दोनशे विड्या कमी भरल्या,
कारखान्यात ऐकून घेतलं.

वहीत निरीक्षणाच्या रकान्यात तिनं लिहिलंय :
‘नान्नांना बोटानं ऐकू येतं.’
खाली बाईंची लाल शाई : ‘म्हणजे?’

उत्तर अजून लिहिलेलं नाही.
पाणी आलंय. आधी बादल्या.