गेट नंबर चार, हमरिया

साडेअकराला शेवटचा ट्रेलर आत घेतो,
नंबर लिहितो, सील तपासतो
आणि केबिनचं दार ओढून
फोन चार्जरला लावून वाचत बसतो.
शारजाचा ऑगस्ट. काचेला बाहेरून घाम.

मी आयुष्यात कुणाला बुक्की मारलेली नाही.
कंपनीच्या शर्टावर मात्र
पाठभर मोठ्या अक्षरांत: सिक्युरिटी.

वाचलं ते असं,
की कराटे या नावातलं पहिलं अक्षर
आधी चीनचं होतं.
पुढे ते बदललं, त्या जागी 'रिकामा' लिहिलं.
उच्चार तोच. हात तोच.
फक्त मुठीतून एक अख्खा देश काढून ठेवला.
मी बराच वेळ माझ्या तळव्याकडे बघत राहिलो.
नऊ वर्षांपूर्वी इथल्या विमानतळावर
मीही असंच काहीतरी काढून ठेवलं असणार,
उच्चार तोच ठेवून:
नागेश धोंडिबा बुचडे.

दिवसपाळीचा बिजुमोन म्हणतो,
आमच्याकडचा एक भिक्षू चीनला गेला,
त्यानंच त्यांना हातपाय हलवायला शिकवलं.
एका ठिकाणी तसं लिहिलंयही.
दुसऱ्या ठिकाणी लिहिलंय: दंतकथा,
सांगणारे हजारेक वर्षांनंतरचे.
ते दुसरं ठिकाण मी त्याला दाखवलेलं नाही.
त्याच्या मामाची कळरी जमिनीखाली होती,
उतरताना उजवा पाय आधी, मग मातीला हात.
तो खड्डा बुजवून आता वर गॅरेज आहे.
भिक्षू तेवढा राहू दे त्याच्याकडे.

रोडेल म्हणतो, वाचून काय होतंय?
आणि पीव्हीसीच्या दोन नळ्या घेऊन
पार्किंगच्या दिव्याखाली
हवेत आडवे आठ काढत सुटतो.
त्यानं एक ओळ वाचलेली नाही.
त्याच्या मनगटात मात्र
आजोबांचं मनगट फिरताना दिसतं.

मग एका रात्री, भलतंच शोधताना,
दांडपट्टा आला.
फोटोखाली माझ्याच तालुक्याचं नाव!
त्या तालमीच्या बोळातून मी रोज
टायपिंगच्या क्लासला जायचो,
नाक दाबून,
घामाचा आणि तांबड्या मातीचा वास नको म्हणून.
आत हलगी कडाडायची, मी पाय उचलायचो.
आता समुद्र ओलांडल्यावर, बोटभर काचेत,
तो पट्टेवाला भेटला,
कोपरापर्यंत पोलाद चढवलेला,
कुणाच्या तरी तळहातावरच्या लिंबाभोवती
गोल गोल फिरणारा.
लिंबाचे दोन झाले. तळहाताला ओरखडा नाही.
म्हणजे निम्मी विद्या वार थांबवण्याचीच की.
हे मला त्या बोळात
कुणी फुकट दाखवत होतं.

अंतराचंही एक शास्त्र असतं म्हणे.
दोघांमधली जागा ज्याच्या ताब्यात,
लढाई त्याची.
तीनदा वाचलं. वहीत उतरवून घेतलं.

आणि परवा पहाटे तीनला
जरीफ गुलचे कागद अपुरे निघाले.
तो व्हील-पाना घेऊन खाली उतरला.
मला शास्त्र आठवलं नाही, वही आठवली नाही.
गुडघे लटपटले,
म्हणून मी अर्धं पाऊल मागे गेलो.
पाना तिथून गेला
जिथं माझा खांदा असता.

मग तोच फुटपाथवर बसला.
एकोणीस तास रांगेत होता, पोटात काही नाही.
मी लबानची बाटली पुढे केली.
त्यानं पाना बाजूला ठेवला,
बाटली आधी नीट हलवून घेतली,
मग प्यायला.
दोघंही काही बोललो नाही.
आमच्यामधल्या जागेत
एक मांजर येऊन बसलं.

रजिस्टरमध्ये लिहिलं: ०३.१०. विशेष काही नाही.

केबिनमध्ये येऊन अंतराचं ते पान
पुन्हा उघडायला गेलो.
नेट गेलेलं.
काचेवर ते छोटं चिन्ह
गोल गोल फिरत राहिलं,
लिंबाभोवती फिरावं तसं.