अर्थिंग

हरेश घणसोलीच्या खांबावरून पडला
त्याला आज सहावा दिवस.
कळव्याच्या आयसीयूत
डोक्याला एकवीस वायरी,
पडद्यावर रेघा.
तेवीस वर्षं लाईनवर काढली मी,
ही लाईन वाचता येत नाही.

सिस्टर दर बारा तासांनी
एक छोटी बाटली लावतात.
औषधाचं नाव लांबलचक.
चिठ्ठीवर लिहून घेतलं,
केमिस्टनं दुरुस्त केलं.

फिट आली का त्याला?
नाही. येऊ नये म्हणून.
मग औषधानं थांबली, की येणारच नव्हती?
डॉक्टर तस्नीम चष्मा पुसत राहिल्या.
ते नाही सांगता येत, म्हणाल्या.

मला उलट बरं वाटलं.
परमिट हातात, स्विच पाडलेला,
लाईन मेलेली,
तरी हरेश आधी अर्थिंगची काठी अडकवायचा.
कुणाचा जनरेटर उलटा सप्लाय फेकेल,
काय भरवसा?
काम झालं की काठी काढायची.
आज करंट आला असता का,
कुणी विचारत नाही.

उद्या बाटली बंद करून बघू म्हणतात.
मी म्हटलं, अजून एक दिवस.

तो करंटनं नाही पडला.
पट्टा सुटला.
पट्टा माझा होता.