कुसळ

महिन्यात चौथ्यांदा तुटली.
तीच, पहिली, केसाएवढी बारीक,
तेच गाणं, त्याच कडव्याच्या तोंडाशी.
टण्ण, आणि गालाला चटका.

ताम्पेरेच्या बस डेपोत मी दिवसभर ब्रेक दुरुस्त करतो,
तरी कारणं शोधली अडाण्यासारखी:
कंपनी चोर आहे. थंडी फार आहे.
सौनातून उठून थेट वाजवायला बसतो, म्हणून असेल.
ड्रमवाला एर्को घाई करतो,
त्याच्याही डोक्यावर एकदा खापर फोडून झालं.
मग जाड तार लावली. तीही तुटली,
फक्त चटका जरा मोठा.

कुलपं विकणाऱ्याच्या दुकानाखाली, तळघरात,
इर्मेली कांगास बसते.
सत्तरी कधीच ओलांडलेली, कानावर शिसपेन्सिल.
मी गिटार पुढे केली. तिने हात लावला नाही.
"कुठे तुटते?"
"गाण्याच्या मध्यात."
"ते नाही रे. तारेवर कुठे?"
मी गप्प.
"तुकडे आणलेस?"
"फेकले."
तिने माझ्या डगल्यावरचं डेपोचं चिन्ह वाचलं.
"बसचा ब्रेक निकामी झाला,
की झिजलेला भाग न बघताच फेकतोस?"
आणि चक्क परत पाठवलं मला.

दोन आठवड्यांनी गेलो,
आगपेटीत तीन तुकडे निजवून.
तिने ते दिव्याखाली शेजारी शेजारी मांडले,
आमटीत मीठ पडलंय का बघावं तसं ओठ मुडपून पाहिले.
"तिन्ही एकाच जागी. घोडीपाशी.
खुंटीपाशी तुटली असती, तर गुंडाळणाऱ्याची चूक.
पिक पडतं तिथे तुटली असती, तर मनगटाची.
हे काम खोगिराचं आहे."

घोडीवर सहा पोलादी खोगिरं, तांदळाएवढी.
मला सगळी सारखीच दिसली, गुळगुळीत, सज्जन.
तिने कापसाचा एक तंतू उपटला
आणि एकेकावरून ओढत नेला.
पाच वेळा सुळकन.
सहाव्या वेळी तंतू अडकला.

एवढंसं कुसळ.
नखाला कळलं, डोळ्याला नाही.
आणि मी गावभर मुसळं शोधत हिंडत होतो.

चुंबकांवर चिकटपट्टी लावली, भुकटी आत जाऊ नये म्हणून.
मग उंदराच्या शेपटीसारखी कानस, तीन हलके हात,
वर पॉलिश कागद, वर फुंकर.
कानावरची पेन्सिल काढून
मानेकडच्या खाचांत शिसं भरलं:
"इथे तार सरकायला हवी, करकरायला नको."
"आता वाजव."
वाजवलं. ती ऐकत नव्हती, माझा हात बघत होती.
"कुणाला मारतोयस?
मला दोन्ही कानांनी ऐकू येतं.
आवाज वाढवायला त्या खोक्याला बटण दिलंय.
आणि झालं की फडक्यानं पूस. घाम पोलाद खातो."
बारा युरो. पावती नाही.

त्यानंतर अकरा कार्यक्रम झाले.
तार तुटली नाही.

पूर्वी तुटली, की सोइन्तू माइक जवळ ओढायची
आणि आजोबांच्या बोटीची गोष्ट सुरू करायची.
बोट, बाटली, आणि वल्हं गिळणारा मासा;
नवी तार चढेपर्यंत पुरेल एवढी लांब,
दर खेपेला थोडी जास्त खोटी.
मी पाठमोरा, खुंटी पिळत, सगळ्यांबरोबर हसायचो.
आता गाण्यामागून गाणं, मध्ये फट नाही.
परवा नोकियाच्या दारूगुत्त्यात एका म्हाताऱ्याने
माझी बाही धरून विचारलं,
"बोट बुडली का हो शेवटी?"
मला माहीत नाही.
ती अजून तळ्याच्या मधोमध आहे.

रात्री घरी येऊन तारा पुसल्या, एकेक, शहाण्यासारख्या.
मग दिवा न लावता
सहाही खोगिरांवरून नख फिरवलं, सावकाश,
परत एकदा.
कुठेच काही अडकलं नाही.