एक मिळवा

कुटबणच्या जेटीमागे, रिबेलोच्या बर्फाच्या कारखान्यात
मी उलट्या क्रेटवर बसलोय, मांडीवर वही.
मोटर दोनदा गुंडाळून झाली. आता नवी हवी.
अमोनिया दाबायला किती ताकद लागेल,
एवढंच सांगायचं आहे.

सक्शनचा काटा सव्वाच्या जरा पुढे,
डिस्चार्जचा साडेचौदावर.
दोन्हींत एक मिळवतो.
काटा शून्यावर असतो तेव्हाही
आभाळाचा भार असतोच सगळ्यावर,
गेज तो धरत नाही.
विसरलो तर साडेसहा पटीचे
पावणेअकरा होतात
आणि रिबेलो मला जेटीवरून ढकलून देईल.

उणे पंधरात दोनशे त्र्याहत्तर.
तिथून मोजलं तर बर्फसुद्धा ऊबदारच.
मग घातांक, शून्य दशांश दोन तीन सात:
दाबल्यावर किती तापायचं, हा ज्याचा त्याचा स्वभाव.
उत्तर येतं, एकशे तीस अंश.

दुलबा च्यारी नळीवर थुंकतो.
चर्र.
‘जुळतंय?’ विचारतो.

वायूला अडतीस किलोवॅट.
पट्टा, बेअरिंग, झडपांतून मागे निसटणारं
सगळं धरून पाऊणाने भागतो. पन्नास.
‘पंचावन्नची घ्या,’ मी म्हणतो.
जुनीही पंचावन्नचीच होती.
रिबेलो लगेच वेर्ण्याच्या भाच्याला फोन लावतो.

‘हें थंडयेचें गणीत,’ दुलबा म्हणतो,
हात पुसत, माझ्याकडे न बघता.
‘मेयांत पळय मरे.’
मे महिन्यात कुंडातलं पाणी
आंघोळीला काढल्यासारखं.
बंदीच्या आधी ट्रॉलर तारल्यांनी ओथंबून येतात,
सगळ्यांना बर्फ आत्ता हवा,
काटा सतरावर, बल्ब पिवळे,
आणि हा रात्री दोन वाजता शिडीवर,
कंडेन्सरवर भिजलेली गोणपाटं टाकत.

पान उलटतो.
सतरा. एक मिळवतो. अठरा.
सावकाश खाली उतरतो, दोनदा तपासतो.
छप्पन्न.

एक किलोवॅट.
एवढाच.

‘पंच्याहत्तरची,’ मी म्हणतो.
रिबेलो फोनवर हात ठेवून
माझ्याकडे बघतो, मग दुलबाकडे.
दुलबा तिथे नाही.
मागच्या भिंतीवर गोणपाटं वाळत घातलीत,
कडा शिवलेली, ओळीने,
मी उगाच मोजतो.
चौदा.