पाय कोरडा ठेवा

रात्रपाळीत वास आधी येतो,
माणूस नंतर.
मल्लेशीनं स्ट्रेचर ढकलत दारातूनच हाक दिली,
"आक्का, आलंय बघ एक."
आलंय. एक.
मीही तसंच म्हणते, बावीस वर्षं झाली.

कपिलेश्वर पुलाखालून उचललेला.
उजव्या टाचेत बोटभर खड्डा
आणि खड्ड्यात वळवळ.
डॉक्टर हुक्केरी दोन पावलं मागं सरले,
"आधी धुऊन घ्या, मग बघतो."
मल्लेशीनं मागच्या फरशीवर पाईप लावला
जीप धुतात तसा.
जानेवारीचं पाणी.
मी काही म्हणाले नाही,
मी हातमोज्यांची दुसरी जोडी शोधत होते
पहिलीवरून घालायला.

नाव? सातू.
पुढं? पुढं काही नाही.
वय अंदाजे साठ. पत्ता?
सवयीनं कानडीत विचारलं, मने एल्ली?
त्यानं हात छातीवर ठेवला.
मला वाटलं, कानडी येत नसेल, मन ऐकलं असेल त्यानं.
तर तोच म्हणाला, "मने इल्ला, अक्का,"
आणि वर मराठीत,
"नाही म्हणून लिही की."

रकाना मोकळा सोडला तर कॉम्प्युटर पुढं सरकत नाही.
मी नुसतं गावाचं नाव टाकलं.
ज्या गावावरून एवढी भांडणं,
ते आख्खं गाव
त्याच्या पत्त्यात.

टर्पेंटाइन ओतलं, चिमटा घेतला.
मोजायचं नसतं. मी मोजल्या. एकेचाळीस.
तो कण्हला नाही, एवढंच विचारलं,
"जित्या हायत काय?"
आहेत.
"मग बरं. पाय मेला नाही अजून."

अठरा नंबरचा बेड, संडासाजवळचा,
असल्यांसाठीच असतो; लिहिलेलं कुठं नाही.
सतराच्या नातेवाइकांनी तरी तक्रार केलीच.
तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज.
मी वाचून दाखवलं, सगळ्यांना दाखवते तसं:
रोज ड्रेसिंग. पाय उशीवर, उंच.
पाणी लागू द्यायचं नाही, पाय कोरडा ठेवा.
घरी आराम.
तो प्रत्येक ओळीला मान डोलवत होता
आणि माझी जीभ
कुठंच अडखळली नाही.

नऊ दिवसांनी, बसस्टँडवर, येळ्ळूरच्या बसची वाट बघताना
दिसला. पायरीशी बसलेला.
पायावर दुधाच्या रिकाम्या पिशव्या, एकावर एक,
वरून सुतळी.
टाच विटेवर. उंच.
माणसं वळसा घालून जात होती.
माझाही पदर नाकाशी गेला,
वास येण्याआधीच.

मास्क नव्हता, त्यानं ओळखलं नाही मला.
बस लागली. भरली. गेली.
मी खाली बसून सुतळीची गाठ सोडवत होते,
पर्समध्ये हातमोजे नव्हते,
आणि तो कानडीत कुरकुरत होता, हळू, हळू.

आत कोरडं होतं.