शून्य पॉइंट एक

सातशे पौंडांत घेतली. नवी. खोक्यातून निघाली
तेव्हा आरसे, बॅटरी आणि पुढचं चाक सुटं होतं,
सोबत एक पुस्तिका, तिचं इंग्रजी माझ्यासारखंच:
"निघण्यापूर्वी घट्टपणा पाहून मन प्रसन्न ठेवावे."

एजन्सीतली ट्रेसी म्हणाली, चायनीज?
हिवाळा काढायची नाही.
माझ्याबद्दलही हेच म्हणाली असेल कुणाला तरी,
बॅरोत मी उतरले त्या आठवड्यात.

आधी वॉल्नीच्या पुलावर नंबरप्लेट पडली.
मग डावीकडे वळलं की हॉर्न वाजायला लागला, आपोआप,
आणि लोक माझ्याकडे बघून हात करायचे.
मग एका सकाळी भर वाऱ्यात बंद.
पेट्रोलची नळी, करंगळीहून बारीक,
वाळल्या शेंगेसारखी तडकलेली.
ढकलत नेली पोसलथ्वेटांच्या दारापर्यंत.
साडेसातची भेट. पंधरा मिनिटं:
अंग पुसणं, गोळ्या, लापशी, मोजे.

पोसलथ्वेट, चाळीस वर्षं पाणबुड्यांचे फिटर.
आता उजवी बाजू गेलेली, जीभ अर्धी.
खिडकीतून बघत राहिले,
मग डाव्या हाताने खूण: आत आण तिला.
आत? स्वयंपाकघरात?
आण.

"वाईट नाही," एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले,
"पुरी केलेली नाही, एवढंच.
कुणीतरी घाईत होतं.
राहिलेलं काम तुझ्याकडे आलंय."

तेव्हापासून रविवारी, माझ्या वेळात, बिनपगारी.
हात माझे, डोळे त्यांचे.
एकेक बोल्ट काढ, आट्यावर निळा थेंब लाव, परत बसव.
कारखान्यातलं तेल ओतून टाक,
त्यात चांदीसारखा भुगा दिसतोय ना, तो इंजिनाचाच.
नवं भर, आठशे मिली, अंदाजाने नाही.
एग्झॉस्टच्या नटांना ग्रीस चोप,
इथली हवा खारट, लोखंड चाटून चाटून खाते.
पट्टा तुटायची वाट बघू नकोस.
आणि व्हॉल्व्ह. इंजिन गार असताना.
गारच असतं इथे सगळं, मी म्हटलं. ते हसले, अर्ध्या तोंडाने.
शून्य पॉइंट एक.
पट्टी फटीत सरकव. अडली पाहिजे, अडकता कामा नये.
म्हणजे किती?

विचार केला त्यांनी.
मग माझी बाही चिमटीत धरून
हळूच ओढली.
इतकी.

इचलकरंजीत बाबा जॉबर होते.
शंभर मागांच्या खडखडाटात उभे राहून
कुठल्या मागाचा धोटा बिघडलाय ते सांगायचे.
भावाला बोलवायचे पाना धरायला.
मी डबा पोचवून, कान झाकून, परत.

ताइझोऊच्या कुठल्याशा शेडमध्ये
जिने हा बोल्ट दीड आट्यावर सोडला
तिची पाळी संपत आली असेल.
तिलाही कुणी मिनिटांवर मोजत असेल.
चिडायचं ठरवलं होतं तिच्यावर, जमत नाही.
मीही घाईत मोजे उलटे घातलेत, त्यांना, दोनदा.

अकरा हजार मैल झाले. दोन हिवाळे.
ट्रेसीची मोटार गॅरेजात आहे, मी काही बोलले नाही.
भेटीच्या वहीत लिहायचं असतं
काय खाल्लं, काय दिलं, त्वचा कशी, मन कसं.
लापशी निम्मी. गोळ्या तिन्ही. टाच लाल, मलम लावलं.
व्हॉल्व्हसाठी रकाना नाही.

फक्त उजवा आरसा.
कितीही आवळा, चौथ्या वळणावर मान टाकतो,
रस्ता सोडून माझंच कोपर दाखवतो.
यंदा म्हटलं, ह्याचं काय ते करूनच टाकू.
पोसलथ्वेटांनी पाना हातात घेतला, बराच वेळ धरला,
आणि ड्रॉवरमध्ये परत ठेवला.

"राहू दे एखादं," म्हणाले.
"रविवारी येशील कशाला नाहीतर?"